डोळ्यांना दिसणारा चढ आणि चाकांना लागणारा चढ : आपले अनुभव लिहावेत

जपानमधील एशिमा ओहाशी या पुलाचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यात गाड्या जणू भिंतीवरून आभाळात चढताना दिसतात. मात्सुए आणि साकाईमिनातो या शहरांना जोडणारा, २००४ मध्ये खुला झालेला हा पूल खालून जहाजे जावीत म्हणून सुमारे ४४ मीटर उंच बांधला आहे. तरीही त्याच्या अधिक चढणीच्या बाजूला शंभर मीटर अंतरात रस्ता सहा मीटरांहून थोडासाच वर जातो. दुरून, अगदी समोरून, टेलिफोटो (दूरचे जवळ आणून दाखवणाऱ्या) भिंगाने टिपल्यामुळे लांबी आक्रसते आणि उंची तेवढी नजरेत भरते. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावाजवळ रेल्वे फाटकावर उड्डाणपूल झाला, तेव्हा वावरातून तोही मला असाच भिंतीसारखा दिसत असे. तुमच्या जवळच्या पुलाचा चढ तुम्हाला कसा वाटला? वेगवेगळ्या वाचकांनी लिहिलेले अनुभव खाली आहेत.

*

आमच्याकडे पूल झाल्यावर बाबांनी कापसाची भरलेली बंडी पहिल्यांदा त्यावरून नेली आणि मी मागून चालत होतो. चढावर बैल एकदाही थांबले नाहीत. कठीण गेला तो उतार, कारण बंडीला ब्रेक नसतो; ती बैलांच्या अंगावर येऊ लागली, जू मानेवरून शिंगांकडे सरकले आणि बाबा दोन्ही कासरे ओढून, पाय रोवून, जवळजवळ मागे झोपल्यासारखे बसले होते. त्या उताराची धास्ती आम्ही कोणीच घेतली नव्हती.

*

मी शाळेत गणित शिकवतो. आमच्या जवळच्या पुलाच्या चढाविषयीचा मुलांचा अंदाज ‘अर्धा काटकोन’ असा आल्यामुळे एका रविवारी आम्ही पुलाच्या पदपथावर एक मीटर लांबीची पट्टी ठेवली, वर गवंड्याची पाणसळ धरली आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत पट्टीचे उताराकडील टोक उचलले. खाली उरलेली फट तीन सेंटिमीटरांहून किंचित जास्त भरली. एका मुलीने खात्री पटेना म्हणून ती तीनदा मोजली, हे मला फार आवडले.

*

मी परिचारिका असून रात्री-अपरात्री स्कूटीने जाते. मला पुलाच्या चढाची भीती नाही. माथ्यापलीकडचे वाहन शेवटपर्यंत दिसत नाही, याची आहे. एकदा ऐन माथ्यावर दिवा नसलेली ट्रॉली उभी होती आणि मी थोडक्यात वाचले, तेव्हापासून माथा येण्यापूर्वीच मी वेग कमी करून हॉर्न वाजवते.