मदत हवी आहे: फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरवला की आमचे कामाचे तास का वाढतात?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा नाशिकचा, 2014 पासून स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात आहे. बहुतेक माल जर्मनीला जातो. भाव युरोत, पगार फ्रँकमध्ये. सगळं दुखणं इथेच आहे.

2011 च्या सप्टेंबरपासून स्विस नॅशनल बँकेने युरोला किमान 1.20 फ्रँक हा दर धरून ठेवला होता. 2014 च्या जूनमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने ठेवींवरचा दर शून्याखाली नेला. पुढे तिथे मोठ्या रोखेखरेदीची चाहूल लागली आणि पैसा फ्रँककडे धावला. 1.20 चा दर टिकवायला फ्रँक छापून युरो विकत घेणं किती दिवस चालणार? 15 जानेवारी 2015 ला स्विस बँकेने हात सोडला. स्वतःचा व्याजदर उणे 0.75 टक्के केला, तरी काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. युरोतल्या त्याच भावाचे आम्हाला एका सकाळीत कमी फ्रँक मिळू लागले. नंतर त्याच पगारात आठवड्याला दोन तास जास्त काम करायला लागलो. तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती, ते तास मला अजून आठवतात.

आता मालक पुन्हा तेच म्हणतायत. जून 2024 ते जून 2025 मध्ये युरोपीय दर 4 वरून 2 टक्क्यांवर आला. पण स्विस दरही मार्च 2024 पासून 1.75 वरून शून्यावर आला ना? म्हणजे युरोत आधी 2.25 टक्के जास्त व्याज मिळायचं, या कपातींनंतरही 2 टक्के जास्त. मग फ्रँक नरम का पडत नाही? आणि डेन्मार्कही छोटा देश, त्यांनी 2015 मध्ये कसं निभावलं? पुढच्या आठवड्यात कामगारांच्या वतीने मला बोलायचंय. कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद

फरकाचं गणित तुम्ही बरोबर मांडलंय. पण फ्रँक फक्त व्याजासाठी घेत नाहीत. जगात कुठे काही बिनसलं की लोक तिकडे आसरा शोधतात, शून्य व्याजातही. डेन्मार्कचं वेगळं. क्रोनची, म्हणजे त्यांच्या चलनाची, युरोशी सांगड युरोपीय मध्यवर्ती बँकेशी झालेल्या करारातली आहे, स्विस बँकेचा 1.20 चा दर एकतर्फी होता. तरी 2015 च्या जानेवारी-फेब्रुवारीत डॅनिश मध्यवर्ती बँकेने चारदा व्याजदर कापला आणि तिच्या सल्ल्यावरून सरकारने रोख्यांची विक्रीच थांबवली.

मालकांना मात्र एक विचारा: नुसता विनिमय दर का दाखवता? समजा काही वर्षांत जर्मन कारखान्याचा खर्च दहा टक्क्यांनी वाढला आणि तुमचा तीन टक्क्यांनी. मग फ्रँक सात टक्के चढला तरी तुम्ही साधारण होतात तिथेच असता. स्वित्झर्लंडमध्ये महागाई युरो वापरणाऱ्या देशांपेक्षा बरीच कमी राहिली आहे. 2015 चा धक्का एका दिवसाचा होता, तो भरून काढायला वेळच नव्हता. या वेळची चढण सावकाश आहे. कच्चा माल युरोत येत असेल तर तोही स्वस्त झाला असणार, ते आकडे मागा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पोलाद जर्मनीतूनच येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! खरेदीची बिलं उद्या मागतो. पण आमची मजुरी जर्मनीच्या मानाने किती वाढली, हे मोजायला कुठल्या वर्षापासून सुरुवात करू? 2015 च्या आधीपासून की नंतर?