शब्दचर्चा: तडजोडपत्र, सेटलमेंट की विवाहपूर्व करार?

प्रश्न: एका मसुद्याचे शीर्षक आहे ‘नोंदणीकृत विवाहपूर्व तडजोडपत्र’. हे चालेल का?

उत्तर: ‘तडजोड’ खटकते. तडजोडीला आधी वाद हवा, इथे अजून लग्नच लागलेले नाही. घटस्फोटाच्या वेळी संमतीच्या अटी ठरतात ती तडजोड. मुद्रांक कायद्यातली ‘सेटलमेंट’ निराळी: विवाहानिमित्त मालमत्ता लेखी लावून देणे. बोलताना दोन्हीला सेटलमेंटच म्हणतात, पण मसुद्यात सरळ ‘विवाहपूर्व करारनामा’ लिहा. ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हेही काढा. दोघेही देतात आणि घेतात, तेव्हा ‘पक्षकार क्र. १ व २’ बरे.

उत्तर: माझ्या मते खरा घोळ ‘नोंदणीकृत’मध्ये आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे! नोंदणी दुय्यम निबंधकापुढे होते, १९०८ च्या नोंदणी कायद्याने. स्थावर मालमत्तेत १०० रुपये वा अधिक किमतीचा हक्क निर्माण होत असेल तर ती सक्तीची (कलम १७). दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत सादर करायचा. चुकले तर पुढचे चार महिने दंड भरून, आणि हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जातो.

प्रश्न: मग आमच्या करारात फ्लॅटचा उल्लेख आहे, तो?

उत्तर: क्रियापद बघा. ‘निम्मा हिस्सा याद्वारे दिला’ असे असेल तर हक्क तिथेच बदलला: मुद्रांक शुल्क आले, नोंदणी आली. नोंदणी नसेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ४९ मुळे हिस्सा मिळतच नाही. ‘पुढे स्वतंत्र दस्ताने देईन’ असे असेल तर हा कागद फक्त तो दस्त मागण्याचा हक्क देतो, त्याला सहसा सक्ती नाही. ‘ज्याचे त्याच्याकडे राहील’ एवढेच असेल तरी नाही. ‘देण्यात येत आहे’ असले अधांतरी लिहू नका, वाद तिथूनच सुरू होतो.

उत्तर: आणि नोंदणी झाली म्हणून प्रत्येक कलम टिकत नाही. ‘पत्नीने पोटगीचा हक्क सोडला’ हे सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून उडू शकते (करार कायदा १८७२, कलम २३). ‘वारशाने पुढे मिळेल त्यावरचा हक्क सोडला’ हेही कच्चे, कारण वारशाची नुसती आशा हस्तांतरित होत नाही. म्हणून ‘एक कलम रद्द ठरल्यास उर्वरित करार कायम’ ही ओळ हवीच. दागिने आणि भेटवस्तूंची यादी वेगळी करा. हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते आणि वधूवरांच्या सह्या लागतात.

उत्तर: गोव्यात ‘विवाहपूर्व’ अक्षरशः घ्यायचे. तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू असल्याने करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक धरतात. वेगळी पद्धत हवी तर लग्नाआधीच रीतसर दस्त करायचा, नंतर बदलता येत नाही.

प्रश्न: शीर्षक ‘विवाहपूर्व करारनामा’ केले, ‘नोंदणीकृत’ काढले. तारीख लग्नाच्या आदल्या दिवसाची आहे.

उत्तर: ती मागे न्या, म्हणजे सहीच आधी करा, नुसता आकडा बदलू नका. आदल्या दिवशीच्या सहीवर ‘दबावाखाली घेतली’ हा आक्षेप हमखास येतो. वकीलही दोघांचे वेगळे असू द्या.