'गोळी नको' म्हणणाऱ्या शुभार्थीचं नेमकं काय दुखत असतं?

शुभंकर_गट:
आमच्या स्वमदत गटात स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवरून एकच वाद पुन्हा पुन्हा होतो. घरचे म्हणतात, "आजाराची जाणीवच नाही, म्हणून टाळतो." शुभार्थी, म्हणजे आजार असलेली मंडळी, म्हणतात, "घेतली की डोकं जड होतं, काही वाटेनासंच होतं." कानात येणारे भासाचे आवाज कमी झालेत हे ते मान्य करतात, तरी गोळी नकोच. बहुतेक जण ओलान्झापिन किंवा रिस्पेरिडोनवर आहेत, काहींना सोबत थरथर-कडकपणासाठी पॅसिटेन. यातलं औषधाचं काय, आजाराचं काय? आणि जेवणात गोळी मिसळणाऱ्यांना काय सांगावं?

रात्रपाळी_सिस्टर:
'डोकं जड' एवढ्यावर थांबू नका, केव्हा ते विचारा. सकाळी दहापर्यंत जड आणि मग मोकळं होत असेल तर ती गुंगी. ओलान्झापिन रात्री एकदाच असेल तर अकराऐवजी आठ-साडेआठला घेतलेली चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. दिवसभर मन कोरडं, चेहरा मख्ख, चालताना हात हलत नाहीत, असं असेल तर डोस जास्त झाल्याची शंका घ्यावी. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या डी-2 ग्राहींपैकी (ते जिथे चिकटतं त्या जागांपैकी) साधारण 65 ते 80 टक्के अडले की बहुतेकांना गुण येतो. त्याच्या वर कडकपणा आणि थरथर वाढते, गुण वाढतोच असं नाही. मात्र आजाराची नकारात्मक लक्षणं (भावना, उत्साह, बोलणं आटणं) आणि नैराश्यही असंच दिसतं. म्हणून तक्रार गोळीच्या आधीपासून आहे की डोस वाढवल्यावर आली, ती तारीख लिहून न्या. डॉक्टरांना तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

खरी घातक गफलत अकाथिसिया या दुष्परिणामात होते. एका जागी बसवत नाही, पाय थांबत नाहीत, आतून तगमग. घरचे सांगतात "पुन्हा बिघडलाय", डोस वाढतो आणि तगमग आणखी वाढते. यात जीव द्यावासा वाटू शकतो, त्यामुळे पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा प्रोप्रॅनोलॉल (दमा असल्यास नाही) हे त्यांचे पर्याय असतात. पॅसिटेनचा इथे फारसा उपयोग नाही, ती थरथर-कडकपणासाठी. उलट तिच्यामुळे विसराळूपणा, बद्धकोष्ठ आणि तोंडाला कोरड येते. 'डोकं चालत नाही' ही तक्रार तिचीही असू शकते. काही महिने झाले असतील तर ती अजून लागते का, हे विचाराच.

मी_शुभार्थी:
जाणीव नसणं काहींच्या बाबतीत खरं आहे, पण जाणीव असलेलाही गोळीवर चिडतो. मनात दोन्ही एकदम असतं. हिच्यामुळे झोप लागते, आवाज लांब जातात. आणि हिच्यामुळेच पोट सुटतं, कपडे होत नाहीत, लोक 'आळशी' म्हणतात. ओलान्झापिनवर भूक खरोखरच वाढते, तेव्हा कृपा करून "जिभेवर ताबा ठेव" म्हणू नका. सुरुवातीला वजन, कंबर, रक्तातली साखर आणि चरबी मोजून घ्या, वजन पुन्हा 4, 8 आणि 12 आठवड्यांनी. वाढ दिसताच मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीबद्दल विचारा, वर्षभर थांबू नका.

आणि जे बोललंच जात नाही ते म्हणजे लैंगिक इच्छा मरणं, पाळी थांबणं, छातीतून दूध येणं. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे दुधाशी संबंधित संप्रेरक वाढतं, रक्ताच्या एका तपासणीत कळतं. आई-वडील शेजारी बसलेले असताना हे कोण सांगणार? डॉक्टरांपाशी पाच मिनिटं आम्हाला एकट्याला द्या.

जेवणात गोळी मिसळू नका. ते आज ना उद्या कळतं. ज्याला विषाचा संशय आहे, त्याच्या हातात तुम्ही पुरावाच देता, आणि मग ताटही सुटतं. किती डोस पोटात गेला तेही समजत नाही. त्यापेक्षा बरं असताना कागद करून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 5 नुसार कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आगाऊ लिहिता येतं. कलम 14 नुसार आपला प्रतिनिधीही आपणच नेमू शकतो.

औषधनिर्माता_नाशिक:
परस्पर बंद करणाऱ्यांची फसगत कशी होते ते गटात जरूर सांगा. पहिले काही आठवडे छान वाटतं, कारण गुंगी उतरते. आजार बहुधा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो, त्यामुळे त्याचा गोळीशी संबंध कोणाला दिसत नाही. 2012 साली 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला होता. त्यात वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी 27 टक्क्यांचा आणि औषधाऐवजी निव्वळ बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी 64 टक्क्यांचा आजार उलटला. मात्र औषध बदलून मागणं म्हणजे हट्ट नव्हे. अमेरिकेतल्या 2005 च्या 'केटी' (CATIE) या स्किझोफ्रेनियाच्या औषधांच्या चाचणीत 74 टक्के लोकांचं दिलेलं औषध 18 महिन्यांच्या आत सुटलं होतं. डोस कमी करायचाच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिनोन् महिने, आणि शेवटची पायरी सर्वांत लहान. रोजच्या गोळीवरून घरात भांडणं होत असतील तर महिन्याच्या इंजेक्शनचा विचार करा. त्यात "घेतलीस का?" हा प्रश्नच उरत नाही.

शुभंकर_गट:
दोघं-तिघं विडी-सिगारेट ओढतात. त्याने फरक पडतो?

औषधनिर्माता_नाशिक:
ओलान्झापिन किंवा क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचंच आणखी एक औषध) असेल तर बराच. धुरामुळे यकृत ही औषधं लवकर निकामी करतं, म्हणून डोस जास्त लागतो. हे काम धुराचं असल्यामुळे निकोटिनच्या च्युइंगगमने किंवा तंबाखू खाल्ल्याने हा परिणाम होत नाही. विडी एकदम सोडली तर आठवड्याभरात रक्तातलं प्रमाण चढतं आणि गुंगी, लाळ वाढते. सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा. क्लोझापिन 48 तासांपेक्षा जास्त चुकलं तर जुना डोस घेऊ नका, 12.5 मि.ग्रॅ.पासून पुन्हा चढवावं लागतं. क्लोझापिनने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी त्या तपासून घ्या.