६४ व्या वर्षी फुटबॉल खेळावा का?

प्रश्न (नेरूळ): नातवाला टर्फवर सोडायला जातो. परवा त्यांचा गोलकीपर आला नाही, म्हणून मी उभा राहिलो. त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. पण बीपीची गोळी चालू आहे आणि ही म्हणते, "पडलात तर?"

ऐरोलीहून: आधी डॉक्टरांना विचारा, मग खुशाल खेळा. मी ६८ चा. आम्ही आठजण बुधवारी-रविवारी चालत फुटबॉल खेळतो. हा प्रकार २०११ मध्ये इंग्लंडात चेस्टरफील्डला सुरू झाला. धावायचं नाही, अंगावर जायचं नाही. पण थांबणं, वळणं, एका पायावर तोल सावरत पास देणं, हे सगळं होतं आणि हाडांना ताण मिळतो. डेन्मार्कमध्ये साठी-सत्तरीतले पुरुष वर्षभर नेहमीचा फुटबॉल खेळले, तेव्हा त्यांच्या खुब्याच्या हाडांची घनता वाढली. माझा स्वतःचा अनुभव एवढाच, की जिना उतरताना आता कठडा लागत नाही.

सानपाड्याहून: सकाळी सातच्या आतच खेळा हो, उन्हात टर्फ भयंकर तापतं. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करा. छातीत जड वाटलं तर लगेच थांबा, "एवढा गोल होऊ दे" म्हणू नका.

नेरूळ: सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. हीसुद्धा येते म्हणाली. ऐरोलीकर, बुधवारी नववा भिडू चालेल का?