आधार नाही म्हणून आठव्या महिन्यातल्या बाईला परत पाठवलं, कायद्याने काय करता येईल?

सुधा_फरिदाबाद
मी मूळची बार्शीची, गेली एकोणीस वर्षं इकडे. आठवड्यातून तीन दिवस दिल्लीतल्या कालिंदी कुंजजवळ म्यानमारहून आलेल्या रोहिंग्यांच्या वस्तीत मुलांना शिकवते. तिथल्या एकीला आठवा महिना लागलाय. मंगळवारी तिला घेऊन एका सरकारी रुग्णालयात गेले. साडेसहापासून रांगेत होतो. खिडकीवर आधार मागितलं. तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडून यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड पुढे केलं. त्या माणसाने ते हातातसुद्धा घेतलं नाही. 'ये नहीं चलेगा' म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला. ती काही न बोलता परत गाठ मारत बसली. मला तिथेच रडू आलं.

बाहेर रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 6.9. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो.

म्यानमारने 1982च्या कायद्याने या लोकांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं. भारताने 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. मग हिने दाद मागायची कुणाकडे?

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी
ताई, कोर्टाचं नंतर बघू. 7च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे तीव्र रक्तक्षय, त्यात पायाला सूज. आजच न्या, आणि ओपीडीच्या खिडकीवर नको, थेट कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) किंवा लेबर रूममध्ये. रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगा. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे तिला तिच्या भाषेत विचारून घ्या. मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. अशा बाईला कागदासाठी थांबवणं मला कधीच पटलं नाही.

वकील_औरंगपुरा
डॉक्टरसाहेब म्हणतात तेच आधी करा. आता कायद्याचं.

जीविताचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद 21मध्ये 'व्यक्ती' हा शब्द आहे, 'नागरिक' नाही. सगळी इमारत या एका शब्दावर उभी आहे. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. चंद्रिमा दास खटल्यात (2000) हावड्यात बलात्कार झालेल्या बांगलादेशी महिलेला याच आधारावर दहा लाखांची भरपाई कायम झाली.

उपचाराबद्दल हकीम शेख यांचा खटला वाचा. बंगालमधले शेतमजूर, 1992मध्ये रेल्वेतून पडले, डोक्याला मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगीत खर्च करावा लागला. न्यायालयाने 1996मध्ये हा अनुच्छेद 21चा भंग ठरवला आणि राज्याला 25 हजार द्यायला लावले. दोन्ही धागे जोडले की तुमच्या बाईची केस उभी राहते.

तुमच्या वस्तीसाठी तर याहून जवळचं काही आहे. 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कालिंदी कुंज आणि हरियाणातल्या मेवातच्या रोहिंग्यांबाबत आदेश दिला: रुग्णालयात किंवा शाळेत नाकारलं, तर त्या भागाच्या एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) तक्रार करता येते. त्या आदेशाची प्रत जवळ ठेवा.

आज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज लिहा: तारीख, वेळ, खिडकी क्रमांक, काय म्हणाले ते शब्दशः. डायरी नंबर (अर्ज मिळाल्याचा आवक क्रमांक) घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी नकार कोर्टात सिद्ध करता करता जीव जातो. दुसरी प्रत एसडीएमला. तरीही हललं नाही, तर अनुच्छेद 226खाली दिल्ली उच्च न्यायालयात रिट याचिका. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12खाली कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिथेही नागरिकत्वाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

सुधा_फरिदाबाद
एक भीती आहे. तिचा नवरा म्हणतो, कोर्टात नाव गेलं तर आम्हालाच उचलून नेतील.

वकील_औरंगपुरा
त्याची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवायला नकार दिला होता. अनुच्छेद 14 (समानता) आणि 21 सगळ्यांना आहेत, पण परत न पाठवलं जाण्याचा हक्क फक्त नागरिकांना असलेल्या, देशात कुठेही राहण्याच्या आणि स्थायिक होण्याच्या हक्काशी जोडलेला आहे, असं म्हणून. म्हणून माझा सल्ला, तिचं नाव पुढे करू नका. एखादी संस्था किंवा तुम्ही स्वतः जनहित याचिका करू शकता. आणि माहिती अधिकाराचा अर्ज तुमच्याच नावे टाका: 'आधार नसलेल्या रुग्णाची नोंदणी करू नये, असा लेखी आदेश आहे का?' तो अधिकार फक्त नागरिकाला आहे, तो तिच्यासाठी वापरा.

सुधा_फरिदाबाद
रात्री कॅज्युअल्टीत नेलं. ड्यूटीवरच्या मुलीने कार्ड मागितलंही नाही, आधी रक्तदाब घेतला. 150/100. भरती झाली, रक्ताची एक पिशवी चढतेय. पर्चीवर आधारच्या रकान्यात तिने रेघ मारली आणि यूएनएचसीआरचा नंबर खाली हाताने लिहिला. त्या पर्चीचा फोटो काढून ठेवलाय. मंगळवारच्या नकाराचा अर्ज उद्या देणारच, वस्तीत अजून चौघी गरोदर आहेत.