डाकोटाचं शेपूट कधी उचलायचं?

उसातला_फिटर (धागाकर्ता):
डाकोटा म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं दोन इंजिनांचं वाहतूक विमान. काल विमानवेड्यांच्या एका गटात एकानं लिहिलं, "डाकोटासारखं मोठं टेलव्हील (शेपटाखाली चाक असलेलं) विमान उडवताना शेपूट उचलायच्या भानगडीत पडू नये. योक (वैमानिकाच्या हातातलं हँडल) पोटाशी धरून तिन्ही चाकांवर धावायचं आणि मिळेल त्या वेगाला जमीन सोडायची. जमिनीवर जितका कमी वेळ, तितका धोका कमी." खाली अंगठ्यांची रांग. रात्री झोप लागली नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

मी वायुदलात फिटर होतो. डाकोटाखाली सहा वर्षं काढली. उसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरनं मागं रेटताना बघितलीय ना? बोटभर वाकडी झाली की पुढच्या दोन हातांत पार आडवी. टेलव्हील विमानाचं तेच. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागं असतो, त्यामुळं नाक जरा वळलं की मागचं वजन त्याला आणखी वळवतं. त्यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

म्हणून आधी विमान धावपट्टीच्या रेषेत आणून थोडं सरळ पुढं घ्यायचं, टेलव्हीलचं लॉक (ते चाक सरळ धरून ठेवणारी खीळ) बसलंय याची खात्री करायची. मग थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, सावकाश वाढवायचा. सुरुवातीला शेपूट जमिनीला चिकटून हवं, कारण तेव्हा रडरवर (शेपटावरची उभी फळी, पायानं चालते) वाराच नसतो. रडर पायाला जड लागायला लागला की योक हळूहळू पुढं आणि शेपूट वर. त्यानंतर मुख्य चाकांवर धावत सुरक्षित वेगाची वाट बघायची. वाट बघायची, हेच त्या गटातल्या माणसाला नको आहे.

इंजिनं दोन, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची. वेग पुरा नसताना हवेत गेलात आणि एक बंद पडलं, तर चालू असलेलंच विमानाला उलथवतं. डावं बंद पडलं तर जास्तच, कारण दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात.

पुष्पकवाला_मिरज:
काका, आदर ठेवून सांगतो, अर्धंच लिहिलंत. मी फ्लाइंग क्लबात पुष्पकवर, म्हणजे छोट्या टेलव्हील विमानावर, शिकलो. आडवा वारा असताना शेपूट उचललंत की टेलव्हीलची जमिनीवरची पकड गेली. शिवाय नाक खाली येताना फिरत्या पंख्याचा जायरोचा झटका (फिरती वस्तू कलवली की ती बाजूला रेटते, तो) बसतो आणि विमान डावीकडे ओढतं. माझ्या पहिल्या एकट्या उड्डाणाला हेच झालं. गवतात जाता जाता वाचलो. तेव्हापासून शेपूट खालीच ठेवलं आणि एकदाही वाकडं गेलं नाही.

उसातला_फिटर:
पुष्पकला इंजिन एक आणि तेही ९० अश्वशक्तीचं. त्याला एका इंजिनावर सरळ राहायचा प्रश्नच येत नाही. बैलगाडी हाकली म्हणून ट्रक येतो असं होत नाही.

पुष्पकवाला_मिरज:
आणि खालून बोल्ट आवळले म्हणून वैमानिक होता येत नाही! तुम्ही एकदा तरी योक हातात धरलाय का?

उसातला_फिटर:
नाही धरला. पण त्या योकवाल्यांचा जीव माझ्या पान्यावर होता. एकदा सकाळच्या तपासणीत टेलव्हीलच्या लॉकची पिन तुटलेली सापडली. आदल्या दिवशी कुणीतरी लॉक न काढता विमान वळवलं होतं. कॉकपिटात लिव्हर मात्र 'लॉक' वर. तसंच थ्रॉटल दिलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा, वैमानिक आहात.

कवलापूर_कधी:
तुमचं शेपूट वर का खाली ते चालू द्या. आमच्या सांगलीला विमानतळ कुठाय? कवलापूरची धावपट्टी नुसती पडून आहे. दर निवडणुकीला तिथं विमान उतरतं, भाषणात. कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ झाला आणि आम्ही द्राक्षं, बेदाणा, हळद सगळं पिकवून ट्रकनंच पाठवायचं.

वारुंजी_बागायत:
विमानतळ पाहिजे म्हणणाऱ्यांनी कराडला येऊन बघावं. इथली पट्टी कोयना धरणाच्या कामाच्या काळातली, छोटी. ती वाढवायची म्हणून आमच्या उभ्या उसात खुणा करून गेले. वडील चार दिवस जेवले नव्हते. बागायती जमीन एकदा गेली की त्या पैशात तशी परत मिळत नाही.

कवलापूर_कधी:
मग म्हणतोच आहे ना, कराडची बागायत कशाला घेता? कवलापूरला जागा आहे तिथं करा.

वारुंजी_बागायत:
तुमच्याकडं करा, आमची ना नाही. पण आमच्या लढ्याला 'विकासाला विरोध' म्हणणारे तुमच्याच बाजूचे होते, ते मी विसरलेलो नाही.

कवलापूर_कधी:
मी तसं कधी बोललो नाही. पण बोलणारे होते, हे खरं. त्याचं वाईट वाटतं.

शिकाऊ_वैमानिक_सातारा:
दादा, जमिनीसाठी वेगळा धागा काढा ना. मला मूळ प्रश्नात रस आहे. मी पुढच्या चाकाच्या सेस्नावर शिकते, टेलव्हीलला हात लागलेला नाही. पण काकांचं म्हणणं वाचून २१ जुलै २०१८ चा अपघात आठवला. टेक्सासमधल्या बर्नेटला एक जुनं सी-४७, म्हणजे लष्करी डाकोटाच, उड्डाणाच्या धावेतच डावीकडे गेलं. पुरा वेग नसताना जमीन सोडली, पुन्हा खाली आदळलं आणि जळून गेलं. आतले तेराही जण जिवंत बाहेर आले, हे नशीब. व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन. वाकडं जाणारं विमान हवेत नेऊन सरळ होत नाही, हे त्यात दिसतं. काका, अशा वेळी थ्रॉटल बंद करून थांबायचं ना?

उसातला_फिटर:
होय पोरी. वेग कमी असताना गवतात गेलं तर चाक मोडेल, पंखा वाकेल, ते दुरुस्त करायला आम्ही होतो.

पुष्पकवाला_मिरज:
थांबण्याबद्दल वाद नाही. पण मग पूंछचं काय? १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात वायुदलाच्या मेहेर सिंगांच्या डाकोटांनी तिथल्या आखूड कच्च्या पट्टीवरून शरणार्थी भरून नेले. तिथं सुरक्षित वेग येईपर्यंत धावायला जागा होती का? मऊ जमिनीत शेपूट खाली ठेवून पंखांवर वजन घेतलं की चाकं लवकर मोकळी होतात. हे पुस्तकी नाही, कामाचं तंत्र आहे.

उसातला_फिटर:
मऊ आणि आखूड पट्टीचं तुमचं बरोबर आहे. तेवढं मान्य करतो, मनापासून नाही पण करतो. मात्र पूंछला वेढा होता, लोक मरत होते, म्हणून तो धोका पत्करला. आज जत्रेत विमान दाखवायला कोण कशाला पत्करेल? आणि तिथंही जमीन सोडल्यावर नाक खाली ठेवून आधी वेग घ्यावाच लागतो, लगेच वर खेचता येत नाही. २०१८ ला 'परशुराम' डाकोटा इंग्लंडहून दुरुस्त होऊन वायुदलात आलं, तेव्हा टीव्हीसमोर मी रडलो होतो. घाईपायी तसलं एखादं विमान गेलेलं मला बघवणार नाही.

पुष्पकवाला_मिरज:
फिटरबद्दल बोललो ते मागं घेतो. पण आडव्या वाऱ्यात शेपूट लवकर उचलू नका, हे माझं कायम. रडर जिवंत होईपर्यंत अजिबात नाही. आणि वाऱ्याच्या बाजूचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर ठेवायचं, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

उसातला_फिटर:
ते राहिलं. आणि रडर जिवंत झाल्यावरच शेपूट, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. परत वाचा.

शिकाऊ_वैमानिक_सातारा:
काका, लॉकची पिन तुटली असेल तर आत बसून कळतं का? लिव्हर बरोबर जागी असूनही?

उसातला_फिटर:
लिव्हरवर विश्वास नाही ठेवायचा. रेषेत आल्यावर अगदी हळू, एकेका बाजूच्या ब्रेकनं जरा इकडं तिकडं करून बघायचं. शेपूट अडलं तर लॉक आहे, मोकळं फिरलं तर परत या आणि फिटरला हाक मारा.