रो-हाऊस विकायचंय, पार्टी गेटवरूनच परत जातेय. सल्ला द्या

मुक्काम_बिबवेवाडी: बाबांचं रो-हाऊस आहे, तीसेक वर्षं जुनं. तीन महिन्यांत सात पार्ट्या येऊन गेल्या आणि पाच तर वरचा मजला न बघताच "कळवतो" म्हणून गेल्या. आतून घर एकदम टकाटक आहे हो, किचन दोन वर्षांपूर्वीच नवं केलंय. एजंट म्हणतो पुढून क्लॅडिंग करा, म्हणजे भिंतीवर दगड-टाइल्सचं आवरण, तीन लाख जातील. करू का? पुढे शहाबादी फरशी, लोखंडी गेट, पत्र्याची शेड आणि बाबांच्या तीन पाट्या, बाकी काही नाही.

जुना_पेठकर: पाट्यांवर काय लिहिलंय ते आधी सांगा 😄

मुक्काम_बिबवेवाडी: "गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल", "फुले तोडू नयेत, मागूही नयेत" आणि तिसरी शेजाऱ्यांच्या पाण्याबद्दल आहे, ती जाऊ दे.

जुना_पेठकर: झालं मग! घेणारा गाडी लावायला जागा शोधत असतो तेव्हा पहिलं हेच वाचतो आणि त्याला वाटतं इथे पार्किंगची मारामारी आहे, शेजार भांडकुदळ आहे, पाण्याचीही बोंब आहे. तीन लाख कसले घालवता, एक स्क्रू-ड्रायव्हर पुरे.

साइटवरचा: क्लॅडिंग अजिबात नको. घेणारे विचारतात मागे काय झाकलंय. आम्ही घर बघतानाही तेच झालं होतं, सगळं कोरं करकरीत आणि भिंतीला हात लावला तर खाली लोणा, रंगाची खपलीच हातात आली, मग आतलं कितीही छान असो मन उडालंच. तुमच्याकडे टाकीच्या ओव्हरफ्लोचे काळे ओघळ असतील पुढच्या भिंतीवर, तर आधी फ्लोट व्हॉल्व्ह बदला आणि मग रंगाचं बघा. आणि रंग आत्ता पावसात नका देऊ, ओल्या प्लास्टरवर फुगे येतात, भिंत नीट सुकू द्या, दसऱ्यानंतर बघा. तसंही पितृपक्षात टोकन द्यायला फारसं कुणी येत नाही. गेट घासून रेड ऑक्साइड मारा, वरून ऑइलपेंट, बिजागरीला तेल.

तुळशीकट्टा: शहाबादीवर शेवाळ आहे का? ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासून घ्या. बघायला आलेल्या काकू घसरल्या तर सौदा तिथेच संपला. मीटरच्या लोंबत्या वायरी बांधून टाका, बंद पडलेली स्कूटर असेल तर भंगारात द्या.

साइटवरचा: आणि हो, ती पत्र्याची शेड मंजूर नकाशात आहे का? नसेल तर काढाच. लोनवाल्याचा व्हॅल्युअर नकाशा आणि घर ताडून बघतो, तिथे अडकतं.

मुक्काम_बिबवेवाडी: शेवाळ, वायरी, स्कूटर, तिन्ही आहेत 🙈 शेड नकाशात नाहीये, रविवारी उतरवतो, क्लॅडिंग कॅन्सल. पाट्या काढायला बाबा तयार झालेत, पण तिन्ही नव्या फ्लॅटच्या दारावर लावायच्या या अटीवर.